इंजिनावर हात ठेवून बघा

(गुरुकुंज मोझरी इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. पडद्यावर दाखवलेली छायाचित्रं इथे देता आलेली नाहीत, म्हणून त्यांची वर्णनं वक्त्याच्या बोलण्यातूनच वाचावीत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 प्रार्थना आटोपून तुम्ही थांबलात, काही जणांना अमरावतीची गाडी धरायची आहे, तेव्हा मी प्रस्तावना लांबवत नाही.

विषय कळल्यावर संयोजकांपैकी एकानं मला फोन केला. म्हणे, "सर, मालगाड्यांच्या फोटोंवर बोलता, अन् तेही मोझरीत? आमच्या इथं तर रेल्वेच नाही!" (हशा) खरं आहे. मोझरी हायवेवरचं गाव. पण नकाशा काढून पाहा राजेहो. आपल्या दक्षिणेला चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे. गावाच्या नावातच रेल्वे घालून बसलेली गावं! ती मुंबई–नागपूरची जुनी लाइन, १८६७ मध्ये नागपूरला पोचलेली. आणि उत्तरेला मोर्शी, वरुड, तिकडून बडनेरा–नरखेड मार्ग जातो, सुमारे १३८ किलोमीटरचा. तो आत्ता आत्ताचा, २०१२ च्या सुमारास पूर्ण झालेला. म्हणजे मोझरी दोन रुळांच्या मधोमध आहे, आणि माझ्या आजच्या विषयाला याहून बरी जागा नाही. कारण एका रुळावर अडचण आली की गाडी दुसऱ्या रुळानं नेतात. तिला आपण म्हणतो वळवलेली गाडी. पोरं म्हणतात 'डायव्हर्टेड'.

आता ही पोरं कोण? अमरावतीत अशी काही मुलं आहेत, एक-दोन मुलीही आहेत, की ज्यांना सुट्टीच्या दिवशी सिनेमाला जायचं नसतं. ती बडनेऱ्याला जातात, नवीन अमरावती स्टेशनाकडे जातात, वलगावच्या पुढे शेताच्या बांधावर छत्री लावून बसतात. कशासाठी? तर मालगाडीचा फोटो काढायला. त्यातही रोजची नाही, वळवलेली पाहिजे. आज दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात त्यांचे फोटो लावले होते, ते तुम्ही पाहिलेत. त्यांनीच मला सांगितलं, "सर, कौतुक नका करू, जे वाटतं ते बोला." तेव्हा मी आज बोलणार आहे. नावं मात्र घेणार नाही.

आधी हा छंद किती अवघड आहे ते कळू द्या. प्रवासी गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. मालगाडीला जाहीर वेळापत्रक नाही. ती कधी येणार, कुठल्या लूप लाइनवर किती तास उभी राहणार, हे आपल्यासारख्याला कळायची सोय नाही. मग ही मुलं काय करतात? कुठे ब्लॉक घेतलाय, कुठे पुलाचं काम आहे, कुठे पाऊस झाला, याच्या बातम्या वाचतात. इटारसी–खंडवा–भुसावळ बाजूला काही बिघडलं, तर इटारसीकडून येणारी गाडी आमला, नरखेड करत बडनेऱ्याला उतरवता येते, नागपूरला न जाता. वर्धा–बडनेरा बंद असलं तर नागपूरहून नरखेडला वर जाऊन खाली यायचं. हा सगळा नकाशा पोरांच्या डोक्यात असतो. १७ जून २०१५ ला इटारसीच्या सिग्नल केबिनला आग लागली, महिनाभर देशभरच्या गाड्यांचं वेळापत्रक विस्कटलं. तेव्हा ही मुलं प्राथमिक शाळेत असतील, पण तारीख विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगतील. मे महिन्यात वऱ्हाडाच्या उन्हात चार-चार तास बसायचं आणि गाडी आली की तीस सेकंदांत फोटो. गाडी नाही आली तर डबा खाऊन घरी. या चिकाटीपुढे मी हात जोडतो.

आता फोटो बघू. पहिला लावा.

हा बडनेऱ्याजवळच्या वळणावरचा. वॅग-९ इंजिन, मागे कोळशाच्या उघड्या वाघिणी, बॉक्स-एन म्हणतात त्यांना, एका रेकला साधारण ५८. ('वाघीण' म्हणजे वॅगन बरं का. मेळघाटाशी संबंध नाही. हशा.) ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून आलंय, इंजिनाचं तोंड आणि एक बाजू दोन्ही दिसतात, नंबर स्पष्ट वाचता येतो, इंजिन कुठल्या शेडचं तेही वाचता येतं. तांत्रिकदृष्ट्या दोष काढायला जागा नाही. खाली ओळ आहे: तारीख, वेळ, इंजिनाचा नंबर, आणि 'वळवलेली, नेहमीचा मार्ग इटारसी–खंडवा'.

आता एक करा. पडद्याकडे हात धरा आणि हातानं इंजिन झाका. करा, करा, लाजू नका. काय उरलं? थोडं आभाळ, एक खांब, थोडं वाळलेलं गवत. हे बडनेरा आहे का? असेल. बल्लारशा असू शकतं, दौंड असू शकतं, आंध्रातलं एखादं गाव असू शकतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा मुलगा चार तास उन्हात बसला, की ही गाडी इथली नाही आणि आज इथे आली आहे, ती गोष्ट फोटोत नाहीच! ती फक्त खालच्या ओळीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचा अर्धा तास मी तेच वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगणार आहे. गाडीचं वळवलेपण रुळावर दिसत नाही. रूळ सगळीकडे सारखेच. इंजिनालाही माहीत नसतं की आपण वाट वाकडी करून आलो. मग फोटोत ते यायचं कसं, हा या छंदातला खरा कलेचा प्रश्न आहे, आणि या व्हरांड्यातल्या बहुतेक फोटोंनी तो टाळला आहे.

तुम्ही म्हणाल, नंबर आहे ना! शेडचं नाव आहे. भुसावळ किंवा अजनीच्या इंजिनाऐवजी लांबच्या पूर्वेकडच्या शेडचं इंजिन मोर्शीला दिसलं, तर जाणकाराला कळतं. बरोबर. पण ते कळणं म्हणजे मोटारीची नंबरप्लेट वाचण्यासारखं आहे. आणि खरं सांगू का, आता त्यालाही फारसा अर्थ राहिला नाही. विजेची मालगाडीची इंजिनं देशभर फिरतात. लांबचं इंजिन रोजच्या मार्गावरही येतं. पूर्वी डिझेल इंजिनं आपापल्या भागात जास्त राहायची, तेव्हा परकं इंजिन दिसणं ही बातमी होती. छंदानं ती जुनी सवय तशीच धरून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवतो, नाहीतर मी अन्याय करीन. या फोटोंखालच्या ओळी फार मोलाच्या आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, वाघिणींचा प्रकार, गाडी किती वेळ थांबली. आपल्याकडे माणसं लग्नाच्या अल्बमवर साल लिहीत नाहीत. ही पोरं मिनिटं लिहितात. काही फोटोंच्या बाबतीत ओळ ठेवून फोटो काढून टाकला तरी चालेल, असं मला वाटलं. (हशा) मी गमतीनं नाही म्हणत.

दुसरा लावा. हा, यावर मी फार वेळ घालवणार नाही. आभाळ जांभळं, गवत पोपटी, इंजिन लग्नातल्या मंडपासारखं. हे रंग वऱ्हाडात कुठल्याही महिन्यात दिसत नाहीत. मोबाइलमध्ये ओढून आणलेत. ज्यानं काढलाय त्याला कळलं असेल. पुढे चला.

तिसरा. इथे थांबू या.

मोर्शीच्या बाजूचा संत्र्याचा मळा. झाडांवर फळ आहे, आंबिया बहाराचं, म्हणजे दिवाळीच्या मागचे-पुढचे दिवस असणार. खाली ओळीत नोव्हेंबर लिहिलंय, बरोबर. पुढे ठिबकची काळी नळी, एक उलटं ठेवलेलं प्लॅस्टिकचं क्रेट. आणि झाडांच्या वर, एका बारीक रेघेसारखी, कोळशाची गाडी. इंजिन चौकटीच्या बाहेर गेलंय! फक्त वाघिणी. काळ्या ढिगांची रांग, संत्र्याच्या शेंड्यांवरून चाललेली.

हा फोटो एका मुलीनं काढला आहे. ती मला दुपारी ओशाळून म्हणाली, "सर, इंजिन हुकलं, म्हणून मागचं घेतलं." अगं बाई, हुकलं तेच बरं झालं! इथे हात कुठे ठेवणार? झाकायला इंजिनच नाही. आणि गंमत बघा, खाली एक अक्षर नसतं तरी कळलं असतं की हा कोळसा आणि ही संत्री एकमेकांच्या ओळखीची नाहीत. काहीतरी इथे आलंय, जे इथलं नाही.

आणि तरी हा फोटो आपल्याला आणखी विचार करायला लावतो, कारण कोळसा इथला अगदीच परका नाही. मोझरीहून अमरावतीला जाताना नांदगाव पेठेच्या चिमण्या रोज दिसतात तुम्हाला. १३५० मेगावॅटचा वीजप्रकल्प, २७० चे पाच संच. त्याला कोळसा रेल्वेनंच येतो. आणि त्याला पाणी अप्पर वर्धा धरणाचं. ते पाणी शेतीचं की विजेचं यावरून आपल्या जिल्ह्यात केवढं आंदोलन झालं, इथे बसलेल्यांपैकी काही जण त्यात असतील. मग हा फोटो पुन्हा बघा. ठिबकची नळी पुढे, कोळसा मागे. छायाचित्रकार मुलीच्या मनात हे होतं का? बहुधा नसावं. पण चौकटीत जागा मोकळी ठेवली की असं काही आपणहून येऊन बसतं. इंजिनानं चौकट भरून टाकली की येत नाही.

इथे एक बाहेरचं उदाहरण देतो. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक नावाचा छायाचित्रकार होता. १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न नावाच्या रेल्वेची वाफेची इंजिनं त्यानं रात्री, फ्लॅशचे ढीगभर बल्ब लावून टिपली. त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो १९५६ चा, 'हॉटशॉट ईस्टबाउंड'. हॉटशॉट म्हणजे वेगात सोडलेली मालगाडी. मालगाडी बरं का! फोटोत पुढे मोटारींची रांग आहे, उघड्यावरचा सिनेमा चाललाय, एका मोटारीत एक जोडपं बसलंय, पडद्यावर लढाऊ विमान आहे. आणि मागून, एका बाजूनं, ती मालगाडी धूर सोडत चालली आहे. जोडपं गाडीकडे बघतसुद्धा नाही. वाफेचं युग संपतंय, विमानाचं आलंय, हे एकही शब्द न लिहिता. लिंकनं लबाडीही केली आहे. फ्लॅशच्या उजेडात पडदा पांढरा पडला म्हणून ते विमान नंतर डार्करूममध्ये बसवलं. मघाच्या जांभळ्या आभाळाला मी नावं ठेवली आणि याला ठेवत नाही, का? कारण ते विमान पडद्यावर खरंच होतं. ते आभाळ नव्हतं.

आपल्या देशातलं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. 'पथेर पांचाली', १९५५. अपू आणि दुर्गा काशाच्या पांढऱ्या गवतातून धावतात आणि गाडी दिसते. इंजिनाचा नंबर काय होता, सांगेल कोणी? (हशा) कॅमेरा मुलांच्या बाजूला उभा आहे. गाडी म्हणजे काय, ते आपण त्या मुलांकडून शिकतो.

बरं, आता मी माझंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा दुसऱ्यांनाच शिकवतो. नव्वदच्या सुमारास मी शकुंतलाचे फोटो काढायला जायचो. मूर्तिजापूर–अचलपूर, मूर्तिजापूर–यवतमाळ, नॅरोगेज. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत त्यावर चाललं. मी ३६ फोटोंचा रोल घालायचो आणि ३६ वेळा इंजिन काढायचो. आज ते रोल पाहिले की मला माझा राग येतो. ती लाइन कोणासाठी टाकली? कापसासाठी! वऱ्हाडात रेल्वे आलीच मुळी कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, लँकेशायरला वऱ्हाडचा पाहिजे होता. खामगावची फांदी १८७० साली उघडली, लॉर्ड मेयो स्वतः आला, तो काही खामगावची हवा खायला नाही. म्हणजे आपल्याकडे आधी माल आला, माणसं मागाहून बसली. आणि माझ्या रोलवर एकही जिनिंग नाही, स्टेशनाला लागून असलेलं एकही गोदाम नाही, एक हमाल नाही. तेव्हा कापूस ट्रकनं जायला लागलाच होता, पण त्या जागा उभ्या होत्या. जे इंजिन अनेकांनी टिपलं, ते मीही टिपलं. जे कोणी टिपत नव्हतं, ते मीही टिपलं नाही.

म्हणून या पोरांना सांगतो. कोळशाच्या गाड्या तुमच्या म्हातारपणी राहतील की नाही, सांगता येत नाही. इंजिनांचे फोटो कारखान्याकडेही असतील. संत्र्याच्या मळ्यामागचा कोळसा कारखान्याकडे नसणार.

चौथा फोटो लावा. हा मला सगळ्यात जास्त आवडला, तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात कच्चा असूनही.

नरखेड मार्गावरचं एक फाटक. फाटक बंद. अलीकडे मोटारसायकली, एक ऑटो, कापसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर, शाळेचा गणवेश घातलेली दोन पोरं सायकलवर. पलीकडून मालगाडी चाललीय, झाकलेल्या वाघिणी, हललेल्या आलेल्या आहेत, नंबर वाचता येत नाही. आणि माणसांकडे बघा. एकही माणूस गाडीकडे बघत नाही! कोणी मोबाइलमध्ये, ट्रॅक्टरवाला बिडी ओढतोय, एक बाई डोक्यावरचं ओझं खाली ठेवून बसली आहे. ती बसली आहे, हे महत्त्वाचं. रोजच्यासारखं दोन मिनिटांत उघडेल असं वाटलं असतं तर ती उभी राहिली असती. आज एकामागून एक गाड्या येतायत, फाटक उघडत नाही, हे तिला कळलंय. ओझं खाली उतरलंय.

मी मघा म्हणालो ना, वळवलेपण रुळावर दिसत नाही. ते फाटकाशी दिसतं! ते त्या बाईच्या बसण्यात दिसतं.

आणि झाकलेल्या वाघिणी आहेत, तर आत काय आहे? खालच्या ओळीत फक्त वाघिणीचा प्रकार लिहिला आहे, 'बीसीएन रेक'. इथे शेतकरी बसलेत, त्यांना विचारा ते काय विचारतील. युरिया आहे का? डीएपी आहे का? धामणगावला रॅक लागली का? जूनच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या भागात दुसरी चर्चा नसते. अशा एका रॅकमध्ये अडीच हजार टनांच्या वर माल बसतो. ४५ किलोच्या गोणीचा हिशोब केला तर पन्नास हजारांवर गोण्या झाल्या. गाडी वळवली, दोन दिवस उशिरा आली, तर कृषी केंद्रापुढची रांग दोन दिवस वाढते. मला त्या रांगेचा फोटो पाहिजे, शेजारी गाडीचा, आणि दोन्हींखाली तारीख. तारीख लिहायला तर तुम्ही पटाईत आहातच.

आणखी एक, जे या पंचवीस-तीस फोटोंत कुठेच नाही. गाडी चालवणारा. लोको पायलटला नव्या मार्गावर तसंच गाडी नेता येत नाही, त्याला तो मार्ग आधी शिकावा लागतो, चढ कुठे, सिग्नल कुठे. त्यामुळे वळवलेल्या गाडीवर पुष्कळदा मार्ग ओळखणारा माणूस चढवावा लागतो. म्हणजे इंजिन परगावचं, हाकणारा आपला! तो बडनेऱ्याला डबा घेऊन त्या इंजिनाची शिडी चढतो, तो क्षण म्हणजे 'डायव्हर्शन'. स्टेशनावर, प्लॅटफॉर्मवरून, त्याला विचारून, लागेल ती परवानगी घेऊन काढा.

परवानगीचं निघालंच आहे तर एक रागाची गोष्ट बोलतो. व्हरांड्यात एक फोटो होता, तो मी पडद्यावर लावायला नकार दिला. रुळाच्या आत उभं राहून, समोरून येणारी गाडी. फार जोरदार आहे म्हणे. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, पण ते सोडा. त्या इंजिनात बसलेल्या माणसाचा विचार करा. चार हजार टनांची गाडी, ब्रेक लावला तरी पुढे सरकतच राहणार, आणि समोर एक पोरगं मोबाइल धरून. तो घरी जाऊन जेवेल का? ज्या फोटोसाठी समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, त्या फोटोला मी चांगला-वाईट काहीच म्हणणार नाही. तो फोटो नाहीच.

बस. माझं झालं. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका तरुणाचा प्रश्न: सर, म्हणजे इंजिनाचे फोटो काढायचेच नाहीत का?)

काढा ना बाबा! मला काय इंजिनाचं वाकडं आहे? पहिला फोटो इंजिनाचाच काढा, नंबर येऊ द्या, तुमच्या वहीसाठी तो लागतोच. पण गाडी ५८ वाघिणींची आहे. इंजिन गेल्यावर तुम्ही कॅमेरा खाली करता. मी पाहिलंय तुम्हाला, इंजिन गेलं की सगळे लगेच स्क्रीनमध्ये डोकं घालून फोटो कसा आला बघतात. अजून मिनिट-दीड मिनिट गाडी चाललेली असते. तेवढं मला द्या.

(एका ज्येष्ठ श्रोत्याचं बोलणं: मी रेल्वेत होतो, पॉइंट्समन. गाडीच्या पुढच्या टोकाकडे आमचं लक्ष नसायचंच. शेवटच्या डब्यामागं एलव्हीची पाटी किंवा लाल दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मधात तुटून राहिली नाही. ते पाहिल्याशिवाय मागची गाडी सोडता येत नाही.)

ऐकलंत? हे माझ्या भाषणात पाहिजे होतं. मला सुचलं नाही. काका, पुढे येऊन बसा. आणि पोरांनो, तुमच्यापैकी कोणाकडे शेवटच्या वाघिणीचा फोटो आहे का? मागून, गाडी पुढे निघून गेल्यावरचा?

(कोणी हात वर केला नाही.)

बरं. पुढच्या वेळी आणा. आणि त्या काकांना दाखवा आधी, मला नंतर.